कर्नलचं पोट

"यंदाची जुळी जगणार, आणि तीही बापाच्या पाठीवर! केंद्रात दुधाची बाटली दिसली तर माझं नाव जांदिरा नाही!"

मिनास प्रांताच्या डोंगरातल्या त्या माकडांच्या केंद्रात माकडांची देखभाल करणाऱ्या जांदिराने सगळ्यांसमोर कॉफीचा पेला आपटून हे जाहीर केलं. मागच्या खेपेची पिल्लं दगावली होती, ते तिच्या फार जिव्हारी लागलं होतं.

सिन्या माकडीण गाभण होती. हे सागुई जातीचं माकड ओंजळीत मावेल एवढंच, पण होणार जुळी! आई फक्त दूध पाजते, बाकी दिवसभर ओझं वाहायचं ते बापाने. आणि बाप, म्हणजे कर्नल, बायकोच्या बरोबरीने फुगत चालला होता.

"हा ऐदी पोरं काय वाहणार? केळी बंद!" जांदिराने हुकूम सोडला. त्याच झपाट्यात घरी नवऱ्याचंही डुकराचं मांस बंद केलं. हा नवरा, जेराल्दु, केंद्राचा ट्रक चालवायचा आणि त्याचं पोट स्टिअरिंगला टेकायचं.

"अगं, बाप होणाऱ्याला पोट सुटतंच," तो कळवळून म्हणाला. "मला तीनदा सुटलं!"

"तुझं अजून उतरायचंय!"

जुळी झाली. कर्नलने दोघांना पाठीवर घेतलं, चार उड्या मारल्या आणि धापा टाकत खाली बसला. मग फांदीला पाठ घासून त्याने पोरं चक्क खरवडून काढली! सिन्याने त्यांना दूध पाजलं आणि ढकलून दिलं.

"त्याला उपाशी कोणी ठेवलं?" केंद्राच्या डॉक्टर इव्होनी कडाडल्या. "ती चरबी पोरं वाहण्यासाठीच साठते, बाई! सोमवारी शहरातून गाडी येऊन पिल्लं नेईल. तिथे ती बाटलीवर वाढतील."

बाटलीवर वाढलेल्याला पुढे स्वतःची पोरं पाठीवर घेणं जमत नाही, हे जांदिराला ठाऊक होतं. पण हार मानेल तर ती जांदिरा कसली!

"बघतेच कोण नेतो ते! कर्नल खाऊन-पिऊन उभा राहीपर्यंत पोरं आपण सांभाळू."

तिने पिल्लं अंगावर घेतली, पण ती तिच्या गुळगुळीत गणवेशावरून घसरायला लागली. तेवढ्यात जेराल्दु केळ्यांचा घड घेऊन आला. जांदिराने पिल्लं उचलून थेट त्याच्या दाढीत ठेवली. ती घट्ट बिलगली!

"ए! मी माझी तीन पोरं कधी उचलली नाहीत!"

"म्हणूनच! हलू नकोस!"

झालं! पिल्लं भुकेली की सिन्याकडे, पोट भरलं की दाढीत. रविवारची मॅच बुडाली. जाळीच्या आत कर्नल केळी हाणत होता, बाहेर जेराल्दु. दोघं एकमेकांकडे संशयाने बघत होते.

सोमवारी शहरातला माणूस हातमोजे घालून आला आणि त्याने एक पिल्लू ओढलं. पिल्लाने दाढी सोडली नाही.

"मेलो!" जेराल्दु किंचाळला. "हात लावू नकोस माझ्या पोरांना!"

पिल्लं चिरकली. ते ऐकून कर्नल जाळीवर असा धडकला की पिंजरा हादरला. जांदिराने दार उघडून नवऱ्याला आत ढकललं. कर्नल त्याच्या खांद्यावर चढला, त्याने पाठ वळवली आणि दोन्ही पिल्लं दाढी सोडून सरसर कर्नलच्या पाठीवर गेली.

"टाकेल परत," डॉक्टर पुटपुटल्या.

कर्नलने उडी मारली, दुसरी मारली. सिन्याजवळ जाऊन पोरं पाजून घेतली आणि पुन्हा पाठीवर घेतली! गाडी रिकामीच परतली. जांदिराला रडू आवरेना, पण मान ताठच.

"चूक कळली ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"कळली की! दोघांना एकदम उपाशी ठेवायला नको होतं."

आणि तिने जेराल्दुच्या हातातलं केळं काढून कर्नलला दिलं.