बबनकाकांची पीयूसी

आमचे लोधिवलीतले शेजारी बबनकाका धूर तपासताना गाडीच्या सायलेन्सरमध्ये खरोखर नळी घालतात. यात नवल काय, असं वाटेल. पण पीयूसी काढायला गेलेल्या कुणालाही विचारा. कितीतरी ठिकाणी नंबरप्लेटचा फोटो काढतात आणि कागद हातात देतात. इंजिन सुरू करायचीही तोशीस नाही.

खालापुरात रस्त्याकडेला काकांची व्हॅन उभी असते. गाडी आली की ते आधी धुराचा वास घेतात. डोळे मिटून, आचाऱ्यानं रश्श्याचा घ्यावा तसा. मग निदान. "खोकला हाय हिला." जरा बरी असली तर "पडसं हाय". नापास गाडीच्या मालकाला ते कागद देत नाहीत, आल्याचा चहा पाजतात. गिऱ्हाईक चहा पितं आणि दुसऱ्या व्हॅनकडे जातं.

माझी जुनी स्कूटी त्यांनी दोनदा नापास केली तेव्हा मी वैतागले. "काका, नव्या गाड्या तशाही पास होतात, जुन्यांना फोटोवर कागद मिळतो. मग ही तपासणी हवीच कशाला?"

"बाई, तुमच्या शाळेत पोरं कॉपी करतात?"

"करतात की."

"मंग परीक्षा बंद केली काय तुमी?"

मी त्यांचा आल्याचा चहा संपवला आणि निघाले.

दिवाळीनंतर दिनेशचा टेंपो त्यांच्याकडे आला. लोधिवलीची पोरं आमच्या खालापूरच्या शाळेत आणतो तो. धूर काळाकुट्ट. काकांनी नापास केला. दिनेशनं दुसरीकडून कागद आणला आणि वर काकांना दाखवलाही. "झाला पास!"

काका भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी लोधिवलीत टेंपोला हात केला आणि मागे पोरांत जाऊन बसले. "पास हाय ना? मंग मी पन येतो." शाळेच्या फाटकाशी उतरले ते खोकतच. पुढच्या दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी दिनेश मला म्हणाला, "बाई, त्यांना सांगा ना. आरशात दिसतात खोकताना. आन् बाजूला पोरं पन खोकतात. ते आतापर्यंत माझ्या ध्यानातच नवतं आलं."

रविवारी त्यानं टेंपो गॅरेजला नेला. सोमवारी काकांनी नळी घातली, आकडे दोनदा वाचले आणि कागद छापून दिला. मग मीही शरमेनं स्कूटीचा कार्बोरेटर साफ करून घेतला.

याला महिना झाला. परवा टेंपो शाळेपाशी थांबला, तर काका अजून मागेच बसलेले. मांडीवर कुणाचं तरी दप्तर, हातात कुणाची पाण्याची बाटली.

"काका, आता काय तपासताय? धूर तर गेला."

काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. मुलगी सासरी, नाशकात. ते जरासे लाजले.

"गेला, बाई. पन ही पोरं रोज माझी जागा धरून ठेवतात. कुनी आपल्यासाठी जागा धरतंय म्हनल्यावर…"

वाक्य तसंच राहिलं. सीटवर एका पोरीचा डबा विसरलेला त्यांना दिसला. "अगं ए, डबा!" असं ओरडत काका त्या पोरीच्या मागे फाटकातून आत पळाले.