शहाण्णव गुणांची पुस्तिका

"बाबा, ही पुस्तिका तुम्ही स्वतः वाचलीये का?"

हा प्रश्न तोफेने भर वर्गात विचारला, तोही बाबा पाहुणे म्हणून फळ्यासमोर उभे असताना. मैत्रिणींनी तशी पैजच लावली होती. आवाजामुळे वर्गाने तिचं नाव तोफ ठेवलं होतं आणि यंदापासून ती ते नाव पदवीसारखं मिरवत होती.

बाबा टूल-पुस्तिका मूल्यमापन कार्यालयात वरिष्ठ मूल्यमापक होते. एआय एजंट कामं करतो ती टूल वापरून. कोणतं टूल काय करतं, हे तो पुस्तिकेत वाचतो. आणि पुस्तिका चांगली की वाईट, हे बाबांचं कार्यालय ठरवतं. हातातल्या तीनशे चाळीस पानी पुस्तिकेला बाबांनी शंभरपैकी शहाण्णव गुण दिले होते. शाळेचे अर्ज सांभाळणारा एजंट तिच्याच बरहुकूम चालत होता.

"वाचन हा वेगळा विषय आहे," बाबा गंभीरपणे म्हणाले. "आम्ही मूल्यमापन करतो. समास, अनुक्रमणिका, शीर्षकांचा ठळकपणा, भाषेतली नम्रता, असे छप्पन्न निकष आहेत."

"आणि लिहिलेलं खरं आहे का, हा कितवा निकष?"

"त्यासाठी स्वतंत्र विभाग मंजूर आहे. जागा मिळाली की सुरू होईल."

वर्गाने बाकं वाजवली. बाबांना तो गौरव वाटला.

त्याच आठवड्यात आकाशनिरीक्षण शिबिराचे अर्ज निघाले. तोफ दोन वर्षं याच शिबिरावर डोळा ठेवून होती: आठ दिवस डोंगरावर आणि स्वतःच्या हाताने फिरवायची दुर्बीण! तिच्यासह एकसष्ट मुलींनी एजंटला अर्ज जमा करायला सांगितलं. "पुस्तिकेनुसार आपला अर्ज जमा झाला आहे," असं त्याने प्रत्येकीला अदबीने कळवलं.

बुधवारी विज्ञानाच्या बाई चेहरा पाडून वर्गात आल्या. "मुलींनो, शिबिराकडे एकही अर्ज पोचलेला नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत नाही आला, तर प्रतिसादाअभावी शिबिर रद्द. आवडच नव्हती तर आधी सांगायचंत गं!"

"बाई, आम्ही एकसष्ट जणींनी भरलाय!"

"मग एजंटकडे तक्रार जमा करा."

एजंटने तक्रारही पुस्तिकेनुसार जमा केली आणि तीही गडप झाली.

तोफेने घरी येऊन पुस्तिका उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. असं करणारा पहिला मनुष्यप्राणी तीच. पान नऊवरचा बारीक तक्ता म्हणत होता, सतरा नंबरचं टूल आलेला कागद रद्द करतं. पान दोनशे बारा म्हणत होतं, जमा करतं. एजंटने दोनशे बारावर विश्वास ठेवला, कारण तिथलं शीर्षक ठळक होतं. त्या ठळकपणाचे दोन गुण बाबांनीच दिले होते.

"बाबा, एवढं एक पान बदला ना!"

"पान बदललं की पुस्तिका नवी. नवी पुस्तिका म्हणजे नवं मूल्यमापन. चौदा महिने धर."

"मग एजंटला दुसरं टूल वापरायला सांगा."

"शहाण्णव गुणांच्या पुस्तिकेबाहेर जायची त्याला मुभा नाही."

"अहो, पण अर्ज खरोखरच नाहीसे झालेत!"

"हे बघ, पुस्तिकेचं मूल्यमापन झालेलं आहे. वस्तुस्थितीचं झालेलं नाही. मग विसंबायचं कशावर?"

आईचं औषधाचं दुकान. ती उसळली. "आमच्याकडे बाटलीवरची चिठ्ठी अशी चुकली तर माणूस जिवानिशी जाईल! मी तर मिठाची पिशवीसुद्धा वाचल्याशिवाय फोडत नाही. थोडी लाज वाटू द्या, अहो."

"चिठ्ठी किती ओळींची असते?"

"चार."

"मग समासाचा प्रश्नच येत नाही," बाबा म्हणाले आणि विषय संपला.

शुक्रवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी तोफेने एक कागद बाबांपुढे सरकवला. "बाबा, सही."

बाबांनी समास बोटाने मोजला. शीर्षक न्याहाळलं. "वा! परिच्छेद कसे सुटसुटीत आहेत! पोरगी माझ्यावर गेलीये," म्हणत त्यांनी झोकात सही केली. आई दुकानाच्या किल्ल्या शोधत होती. "आई, साक्षीदार म्हणून इथे." आईने कागद भिंतीला टेकवला, सही ठोकली आणि पुन्हा किल्ल्यांच्या मागे लागली.

तोफ खुर्चीवर चढली. "आई, बाबा, मी ठरवलंय! हे पत्र मी शाळेत जायच्या आधी बाबांच्या कार्यालयात देणार आणि त्याची प्रत शिबिराला. वरिष्ठ मूल्यमापकांनी आपले शहाण्णव गुण मागे घेतलेत. सतरा नंबरचं टूल आजपासून बंद, आणि एकसष्ट अर्ज आजच्या तारखेला जमा धरायचे."

बाबांचा घास हातातच राहिला. ते आईकडे वळले. "तू तरी वाचायचंस!"

"मला वाटलं, तुम्ही वाचलं असेल."

"आणि शेवटची ओळ," तोफ दारातून गरजली, "'वरील मजकूर शब्दन्‌शब्द वाचून व समजून सही केली आहे.' सगळीकडे असते तीच. हरकत असेल तर ती ओळ खोटी आहे असं लिहून द्या, मी इथेच थांबते. पण तसं लिहून देणारा माणूस अजून जन्माला यायचाय, म्हणून मी निघाले!"