कचरूमामांचा वापसा

आमच्या पुंडलिकनगरात कचरूमामा कुणाच्या पाया पडायला वाकले, की लवकर उठत नाहीत. आमच्या वास्तुशांतीला ते सासूबाईंच्या पायाशी वाकले. सासूबाई म्हणाल्या, "सुखी राहा." मामा खालीच. सासूबाईंनी पुन्हा आशीर्वाद दिला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, गेली माणसाची कंबर! तेवढ्यात खालून आवाज आला, "वीस टक्के."

"काय वीस टक्के?"

"टाच, माय. वीस टक्के युरियाच्या मलमाची हाय. भेगा उघड्या नायत, बिनघोर लावा. पर वापशावर लावा."

सासूबाईंनी पाय निऱ्यांत ओढून घेतले. जन्मभर मुख्याध्यापिका होत्या त्या. त्यांच्या टाचेला गुण देणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

मामा मूळचे पिशोरचे, घरात पिढीजात मेंढरं. स्वतः मात्र एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे टक्का सांगतात तोही तिकीट फाडल्यासारखा. नुसत्या कोरड्या कातडीला दहा, भेगाळलेल्या टाचेला वीस, आणि टाच दगडच झाली असेल तर "चाळीस, पर डॉक्टरला इचारून. साखर असंल तर आधी डॉक्टर, मग मी." पाऊस उघडल्यावर शेतात पेरण्याजोगी ओल राहते, चिखल नाही आणि धूळही नाही, तो वापसा. मामांच्या मते अंघोळ करून अंग टिपलं, की कातडीलाही वापसा येतो. "तवाच मलम चोळायचं. ओल धरून ठिवतं ते. वाळल्या ढेकळावर टाकून काय उपेग?"

"मामा, खताचं दुकानच टाका की!" मी चिडवायची. ते नुसते हसायचे.

मामी मात्र कधी कुणाच्या घरी दिसत नसत. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं करायला मी त्यांच्याकडे गेले आणि आपुलकीनं त्यांचा हात धरला, तर माझ्या रेशमी पदराचा धागा त्यांच्या तळव्याला अडकला. त्यांनी चटकन हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या ताई, साडी खराब हुईल." जन्मापासून त्यांच्या हातापायांची कातडी अशीच, कोरडी ठणठणीत, खवल्याखवल्यांची.

लेक सुनीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. बाळाला तेल लावायला मामींनी आधीच दुसरी बाई सांगून ठेवलेली. मी म्हटलं, "अहो, आजी असताना दुसरी कशाला?"

"माझे हात म्हंजी खरारा. लेकराला वरबाडतील," त्या म्हणाल्या. "सुनीताला बी म्या फडकं गुंडाळूनच घेतलं. उघड्या हातानं एकदा बी नाय."

मी बोलावणं करून निघाले.

मामा जिन्यापर्यंत सोडायला आले. तिथंच कठड्याला टेकून बोलले. "क्रांती चौकातल्या डॉक्टरनं सांगितलं, युरिया लावा. मला वाटलं, युरिया म्हंजी युरिया! पिशोरला भावाकडं पोतं पडलंय, दुकानात कशाला जायचं? पाण्यात कालवून लावला हिच्या हाताला. इचारलं, कसं वाटतंय? म्हनली, गार वाटतंय. मी खूश. पुन्यांदा लावला. मग एक दिवस भाकर वाढताना हात दिसला. लालभडक! मला वाईट वाटू नये म्हनून पदराखाली झाकून बसायची, येडी."

डॉक्टरांनी मामांना चांगलंच झापलं. शेतातलं खत अंगाला लावायचं नसतं, मलम वेगळं असतं. आजार मुळातून जाणार नाही, पण रोज लावलंत तर कातडी मऊ राहील. तेव्हापासून मामा टक्का वाचल्याशिवाय ट्यूबला हात लावत नाहीत.

"पण मामा, लोकांच्या टाचा कशाला तपासता?"

"घरी जाऊन हिला सांगाया. म्हनतो, आज आनखी एकीची टाच तुझ्यावानी निघाली, तू काय एकली नायस. तेवढंच हसती." मग हळूच म्हणाले, "तुमच्या सासूबाईची सांगितली, तवा लई हसली."

मी घरी जाऊन जुनी रेशमी साडी आणून दिली. मामा रोज मामींच्या अंघोळीनंतर वापसा साधून मलम चोळायचे, आणि अधूनमधून त्यांचा तळवा त्या साडीवरून फिरवून बघायचे. धागा ओढला जायचा. मामा म्हणायचे, "हुईल." उन्हाळा लागला तेव्हा एकदा तळवा पदरावरून सरळ निघून गेला. त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले, कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

सुनीताचं बाळ घरी आलं, तेव्हा मी तिथंच होते. मामींनी हात स्वच्छ धुतले आणि सवयीनं फडकं शोधू लागल्या. फडकं सापडेना. मामा त्यावर बसले होते, रिझर्व्ह सीट धरल्यासारखे.

"उठा की हो!"

"नाय उठत. घे तशीच."

सुनीतानं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. मामींनी भीतभीत उघड्या पाठीवरून तळवा फिरवला. बाळानं जांभई दिली. त्यांनी पुन्हा फिरवला.

"कसं वाटतंय?" मामांनी विचारलं.

मामींच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "गार वाटतंय."

"खरं?"

"व्हय. ह्या बारीला खरं."

मामा उठले आणि नातवाच्या एवढ्याशा पायांशी वाकले. आम्ही थांबलो. टक्का काही आला नाही, आणि मामाही कितीतरी वेळ उठले नाहीत.