सासूबाईंचा सोफा

मार्गिटला 'नाही' म्हणणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचाय. मार्गिट आमच्या थिएटरची दिग्दर्शिका. लोण्याच्या जुन्या, बंद पडलेल्या कारखान्यात एकशेवीस खुर्च्या मांडून तिने ते उभं केलं. थिएटर अगदी व्यावसायिक आहे, म्हणजे शिकागोहून आलेल्या चार नटांना पगार मिळतो आणि मदतीला धावणाऱ्या आम्हा गावकऱ्यांना कॉफी. स्टेजवरचं सामान मात्र सगळं गावातल्या घरांमधून येतं. त्यामुळे नाटक ऐन रंगात आलं की मागून कुजबुज ऐकू येते, "ती बघ, आपली किटली." (गेल्या वर्षी नायिका मेली तेव्हा माझ्या शेजारचा माणूस ढसाढसा रडला. नंतर कळलं, पडताना तिने त्याचा टेबललॅम्प फोडला होता.)

तर एका सोमवारी मार्गिटचा फोन आला. "व्हर्नन, शुक्रवारी पहिला प्रयोग आहे आणि ज्यांचा सोफा ठरला होता, त्यांच्या कुत्र्याने तो खाल्लाय. तुमच्याकडचा मिळेल का?"

माझी बायको आर्डिस तेव्हा डलूथला होती. तिच्या बहिणीच्या, जॉइसच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मुक्काम तीन आठवड्यांचा होता. नाटक दोन आठवड्यांत संपणार होतं. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणालो, "घेऊन जा."

ट्रक सोफा घेऊन गेला आणि मला घाम फुटला. बाहेर गुडघाभर बर्फ होता, तरी फुटला. कारण तो सोफा माझ्या सासूबाईंचा. मधाच्या रंगाची मखमल, वर प्लॅस्टिकचं कव्हर. सासूबाई असताना त्यावर कोणी बसलं नाही आणि त्या गेल्यावर आर्डिसने कोणाला बसू दिलं नाही. आमचे पाद्रीसुद्धा घरी आले की जेवणाच्या खुर्चीवर बसतात.

मी धावत थिएटरात गेलो. "मार्गिट, सोफा ठेव. पण त्यावर कोणी बसायचं नाही."

"व्हर्नन, तो सोफा आहे."

"माझा संसार आहे तो."

मार्गिटने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे पाहिलं आणि कबूल झाली. नाटक होतं आई गेल्यावर घर विकायला जमलेल्या दोन भावांचं. आता ते दोघे भाऊ, एक बहीण आणि वकील असे चौघेही दोन तास उभेच राहणार होते. थोरल्या भावाचं काम करणारा डेस्मंड वैतागला. "वीस वर्षं नाटकं करतोय. दिवाणखान्यात बसची वाट बघत असल्यासारखा कधी उभा राहिलो नव्हतो." मी रोज तालमीला प्लॅस्टिकचं कव्हर हातात घेऊन विंगेत बसायचो. डेस्मंड सोफ्याच्या जवळ सरकला की खोकायचो.

शुक्रवारी थिएटर भरलं. मी पडद्याच्या फटीतून सहज बाहेर डोकावलो आणि कव्हर माझ्या हातातून गळून पडलं. तिसऱ्या रांगेत, पाचव्या खुर्चीवर आर्डिस बसली होती. अंगात कोट, मांडीवर प्रवासाची बॅग. अकरा वर्षांत या बाईने एकही पहिला प्रयोग चुकवला नव्हता. (हे मला माहीत होतं. तो सोमवार सोडून रोज माहीत होतं.)

नाटक सुरू झालं. मी नाटक बघितलंच नाही, आर्डिसकडे बघत होतो. पहिल्या अंकात ती ताठ बसली. दुसऱ्यात तिने रुमाल काढला. शेवटी सगळे निघून जातात आणि रिकाम्या सोफ्यावर फक्त उजेड राहतो. तेव्हा तिने रुमाल तोंडावर धरला. तीस वर्षांच्या संसाराचा हा शेवट, असं मला वाटलं.

टाळ्या थांबेनात. एवढ्यात मार्गिटने माझा दंड धरून मला स्टेजवर ओढलं. "आणि हा आपला व्हर्नन, ज्याने सोफा दिला." उजेडात मला आर्डिसचा चेहरा दिसला. मी दोन पावलं मागे सरकलो, सोफ्याला अडखळलो आणि मागच्या मागे बसलो.

स्प्रिंग टुंगकन तुटली. मग एकशेवीस माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आर्डिसही उभी राहिली. ती टाळ्या मात्र वाजवत नव्हती.

बाहेर कॉफीच्या टेबलापाशी ती भेटली. डोळे लाल होते.

"आई गेल्यापासून मी तो सोफा नुसता पुसत होते," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा वाटलं की आई खरंच तिथे बसलीय. किती छान केलंत तुम्ही लोकांनी."

मला हायसं वाटलं. खरं सांगतो, इतकं समाधान मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. "म्हणजे रागावली नाहीस?"

"रागावले तर. तू आईच्या मांडीवर बसलास."

तेवढ्यात मार्गिट आली. "आर्डिस, व्हर्नन शेवटी जे बसला ना, ते लोकांना फारच आवडलं. रोज बसेल का?"

"बसू दे. स्प्रिंग मोडलीच आहे. पण घरी नाही."

"आणि पुढच्या नाटकाला एक आरामखुर्ची हवीय."

"व्हर्ननची घेऊन जा. जेवणाच्या खुर्च्या लागल्या तर त्याही ने."

आता सोफा घरी परत आलाय. नवी स्प्रिंग, नवं कव्हर. माझी आरामखुर्ची आणि जेवणाच्या सहाही खुर्च्या स्टेजवर आहेत. आर्डिसची सोय आहे, ती रोज संध्याकाळी तिकीट काढून तिसऱ्या रांगेत बसते. माझ्यासाठी घरात बसायला एकच जागा उरलीय आणि तिथे सासूबाई बसल्यात. त्यामुळे हे सगळं मी उभ्यानेच लिहिलंय.