ग्लेनिसबाईंचा गृहपाठ आणि सासऱ्यांचं कपाट

इंग्रजी शिकायला अक्कल लागते असं कोण म्हणतं? चिकाटी लागते आणि डिंक लागतो! मी घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या इंग्रजी नावाची चिठ्ठी चिकटवली होती. खुर्ची, आरसा, अगदी तांदळाच्या डब्याचं झाकणसुद्धा! येता-जाता मोठ्याने उच्चार करायचा. सासूबाई म्हणायच्या, "थुई, त्या खुर्चीला जरा झोपू दे गं!"

आमच्या वर्गाच्या ग्लेनिसबाईंनी गृहपाठ दिला होता: अनोळखी माणसांशी बोला, हसून बोला, पूर्ण वाक्यात बोला. त्यातच शनिवारी सासऱ्यांची पुण्यतिथी आली. सासूबाई नैवेद्याची उकडलेली कोंबडी आणायला बाजारात गेल्या आणि मी घर धुवायला काढलं. म्हटलं, सामान मागच्या अंगणात कशाला? पुढच्या गवतावरच मांडू! चिठ्ठ्या बघून लोक थांबतील, काहीतरी विचारतील. घरही धुऊन होईल आणि गृहपाठही!

सासऱ्यांचा फोटो खिडकीत ठेवला आणि तो ज्यावर असतो आणि पुण्यतिथीचं ताट ज्यावर मांडतात ते पूर्वजांचं कपाट ढकलत ढकलत बाहेर नेलं.

आता आमच्या सनशाइन या उपनगरात रस्त्याकडेच्या गवतावर ठेवलेली वस्तू हवी त्याने न्यावी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. आमचा सोफा असाच तर आलाय! पण डोक्यात उच्चार इतके भरले होते की दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

कोपऱ्यावरच्या घरातला क्रेग आपला छोटा ट्रक थांबवून उतरला. कपाटाकडे बोट दाखवून भराभर काहीतरी म्हणाला. मला ओ की ठो कळलं नाही. पण 'पाहुण्यांचं स्वागत' हा धडा झाला होता ना! मी हसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जरूर! आपलंच समजा!"

आणि काय सांगू, त्याला पहिल्या फटक्यात कळलं! या देशात आल्यापासून माझं इंग्रजी असं कुणाला कळलंच नव्हतं. मला भरून आलं. डोळे पुसून बघते तर कपाट ट्रकमध्ये चढलेलं! मी धावले. 'थांबा'ला इंग्रजीत काय म्हणतात ते नाक्यावरच्या लाल पाटीवर रोज वाचते, पण ऐन वेळी तोंडातून निघालं, "पुन्हा या!"

क्रेगने प्रेमाने हात हलवला.

तेवढ्यात सासूबाई कोंबडी घेऊन आल्या.

"कपाट कुठंय?"

"आई, ते... गेलं."

"गेलं? त्याला काय पाय आहेत?"

"चार आहेत, पण..."

"आज तुझे सासरे जेवायला येणार! त्यांचं ताट काय तुझ्या डोक्यावर मांडू?"

मला खरंच रडू फुटलं. सासरे माझे फार लाड करायचे हो!

फोटो आणि कोंबडी घेऊन आम्ही क्रेगचं घर गाठलं. त्याने कपाटावर टीव्ही ठेवला होता आणि फुटबॉलचा सामना रंगात आला होता. मी घसा खाकरला आणि म्हणाले, "आपलं घर फार सुंदर आहे!" काय करणार? दिलेली वस्तू परत मागायचा धडा पुढच्या सत्रात आहे!

सासूबाईंचा धीर सुटला. त्यांनी टीव्हीशेजारी सासऱ्यांचा फोटो ठेवला, पुढ्यात कोंबडी मांडली, उदबत्ती लावली आणि वाकून नमस्कार केला. क्रेग आधी बघतच राहिला. मग त्याने टोपी काढली, टीव्हीचा आवाज बंद केला आणि तो मान खाली घालून उभा राहिला. इंग्रजीचा एक शब्द न उच्चारता सगळं समजलं की त्याला!

सासऱ्यांचं जेवण त्याच्याच घरी झालं. उरलेल्या कोंबडीवर क्रेगने असा ताव मारला की सासूबाईंचा रागच पळाला. मग त्याने स्वतः कपाट आमच्या दारात आणून उतरवलं.

जाता जाता तो थांबला. गवतावरच्या आमच्या सोफ्याकडे बोट दाखवून भराभर काहीतरी म्हणाला. मी हसले. तोंड उघडलं.

"जरू..."

सासूबाईंनी झडप घातली! तिथल्याच तांदळाच्या डब्यावरची चिठ्ठी उपटली आणि थाडकन माझ्या तोंडावर चिकटवली. गवतावरच्या आरशात मी पाहिलं. चिठ्ठीवर माझ्याच सुरेख इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं: झाकण.

उच्चार मात्र करता आला नाही.