टेबलाखालची निळी बॅग

"अहो, ताटाला तरी हात लावा! ते काही बेवारस नाहीये," बायको म्हणाली, तेव्हा कुठे व्यवस्थापकांच्या ध्यानात आलं की आपण जेवणाकडे नुसतेच टक लावून बसलो आहोत.

त्यांच्या सभागृहात पोलिसांचे सुरक्षा सल्लागार येऊन गेले, तेव्हापासून ही गत होती. सल्लागारांनी बजावलं होतं, "घातपात करणाऱ्याला गर्दीत एकच गोष्ट हवी असते, कुणाचं लक्ष नसणं. बेवारस वस्तू दिसली की हात लावायचा नाही. कुणाची म्हणून विचारायचं. धनी मिळाला नाही, तर माणसं बाहेर काढून मला फोन करायचा. आमचा माणूस या आठवड्यात एक बॅग ठेवून जाईल. तुमच्या लोकांनी ती हेरली तर परवानगी. नाहीतर शनिवारचा कार्यक्रम विसरा."

शनिवारचा कार्यक्रम बायकोच्या गायन मंडळाचा होता. उभा जन्म भांडी घासताना गायलेली ती बाई पहिल्यांदाच मंचावर उभी राहणार होती.

व्यवस्थापकांनी कंबर कसली. पहिल्याच दिवशी संडासाबाहेर एक जड पिशवी दिसली आणि त्यांनी अख्खं सभागृह रिकामं केलं. पिशवी नळवाल्याची होती. पण तोही बिचारा सगळ्यांबरोबर बाहेर पळाला आणि रस्त्यावर उभा राहून ज्याला त्याला विचारत राहिला, "काय सापडलं हो?"

दुसऱ्या दिवशी व्हायोलिनची पेटी निघाली.

"अहो, त्यात व्हायोलिनच आहे!" वाजवणारा कळवळून म्हणाला.

"असं सगळेच म्हणतात," व्यवस्थापक म्हणाले आणि त्यालाही उन्हात उभं केलं.

शुक्रवारी सल्लागार हसतमुखाने हजर झाले. "काय, सापडली?"

"कोण?"

"बॅग हो. सकाळीच ठेवलीय. शेवटच्या रांगेत."

दोघं धावले. शेवटच्या रांगेत काही नव्हतं. मधल्या रांगेत नव्हतं, पडद्यामागे नव्हतं. आता सल्लागारही खुर्च्यांखाली वाकून पाहू लागले, कारण सरकारी बॅग गेली तर जाब त्यांनाच द्यावा लागणार होता. शेवटी दोघं ऑफिसात येऊन बसले. व्यवस्थापकांनी सवयीने टेबलाखाली पाय लांब केले.

"तुमच्या पायाखाली काय आहे?" सल्लागारांनी वाकून विचारलं.

निळी बॅग होती. आत जुनी वर्तमानपत्रं असल्यामुळे चांगली मऊ. सकाळपासून व्यवस्थापक तिच्यावर पाय ठेवून बसले होते, वर पाय टेकायची सोय केली म्हणून मनातल्या मनात सफाईवाल्या मावशींना दुवाही देत होते.

"अगंबाई, ती होय?" बोलावून घेतल्यावर मावशी म्हणाल्या. "झाडताना सापडली. सापडलेलं सगळं साहेबांच्या टेबलाखाली, ही तर आपली पहिल्यापासूनची रीत. आजवर इथून कुणाची टाचणी हरवली नाही!"

"आणि बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, त्याचं काय?" सल्लागारांनी विचारलं.

"आपल्याकडे बेवारस कुठलं आलंय साहेब? विसरलेलं असतं."

सल्लागारांनी निळी बॅग उचलली. "कार्यक्रम रद्द," एवढंच म्हणून ते तरातरा निघून गेले.

तालमीला आलेली बायको मंडळातल्या बायकांसह दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. डोळे मिटून तिने देवाचं नाव घेतलं. डोळे उघडले, तर समोरच्या खुर्चीवर एक तपकिरी पिशवी.

"ही कुणाची?" तिने हळूच विचारलं.

कुणाचीच नव्हती. मावशींचा हात सवयीने पुढे गेला.

"मावशी, हात नको."

आवाज नेहमीचाच, मऊ. पण मावशी जागच्या जागी थिजल्या. पाच मिनिटांत सगळे रस्त्यावर होते, दार बंद होतं आणि बायको भिंतीवरच्या सूचनेतून उतरवून घेतलेला सल्लागारांचा नंबर फिरवत होती. कोपऱ्यावर सल्लागारांचा फोन वाजला. निरोप ऐकता ऐकता त्यांनी हाताकडे पाहिलं. निळी बॅग होती. तपकिरी नव्हती.

"माझी आहे ती!" ते धापा टाकत परतले.

"असं सगळेच म्हणतात," व्हायोलिनवाला मोठ्या समाधानाने म्हणाला.

"रागावू नका हं, भाऊ," बायको म्हणाली. "आत काय आहे, तेवढं सांगा."

सल्लागारांनी इकडेतिकडे पाहिलं. "लोकर," ते पुटपुटले.

"मागे ऐकू आलं नाही," नळवाला म्हणाला.

"लोकर! आणि सुया! नातीसाठी स्वेटर विणतोय!"

पिशवी उघडली. खरंच स्वेटर होता. एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब. मंडळातल्या बायका भोवती जमल्या. "ही उसवावी लागणार हो," एक जण हळहळली.

सल्लागारांना हसू आवरेना. "पण तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं?"

"यांनी," बायको नवऱ्याकडे पाहत म्हणाली. "आठवडाभर झोपेतसुद्धा तेच चाललंय."

सल्लागारांनी तिथल्या तिथे परवानगीवर सही केली.

शनिवारी सल्लागार पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर पिशवी, तिला दोन्ही हातांचा विळखा. बायकोचा सूर लागला आणि त्यांचे डोळे मिटले, हात सुटले, पिशवी घसरून खाली गेली. मावशींच्या नजरेतून ती थोडीच सुटणार! त्या जवळ आल्या, हात मागे घट्ट बांधून वाकल्या आणि विचारलं, "ही कुणाची?"

"माझी, माझी!" डोळे पुसत सल्लागार कुजबुजले. "मावशी, कुणाला बाहेर काढू नका. एवढं कडवं तरी होऊ द्या!"