सात चौकोन, चार पट्टे

रंगातलं कर्जतमध्ये कुणाला कळत असेल, तर ते अप्पा टिपणिसांना. असं खुद्द अप्पाच सांगत, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. त्या साली लेकीचा, सुचेताचा, पहिला दिवाळसण तोंडावर आला होता. जावई आणि विहीणबाई येणार, पानं स्वयंपाकघरातच मांडायची. भिंती बघून विहीणबाईंनी नाक मुरडलं, तर पोरीला जन्मभर ऐकावं लागणार! अनसूयाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "पिवळा लावा. उजेड पडतो."

बायकोचं ऐकून रंग लावायला अप्पा काय अडाणी होते? उभ्या जन्मात ते चुलीपाशी गेले नव्हते, म्हणजे त्यांचं मत अगदी निःपक्षपाती! कशेळ्याच्या जयवंता रंगाऱ्याकडून त्यांनी भिंतीवर सात रंगांचे सात चौकोन मारून घेतले. खालच्या पट्ट्याचे चार नमुने वेगळेच. मग गावाची मतं घ्यायला सुरुवात केली.

दहिवलीचे डॉक्टर म्हणाले, आकाशी लावा. पोस्टमास्तरांच्या मते आकाशीला पट्टा गेरूचाच हवा. माथेरानहून उतरलेल्या गजा घोडेवाल्याने आपल्या घोडीचा रंग सुचवला. बरं, मत द्यायला आलेल्या माणसाला चहाशिवाय कसं सोडणार? पावसाने ओलावलेली लाकडं फुंकत अनसूयाबाई दिवसभर चहाच टाकत होत्या. चांगला दीड महिना!

शेवटी जयवंता कंटाळला. "अप्पा, डब्यात रंग सुकला. कंचा लावू ते सांगा."

"तिसरा," अप्पा ऐटीत म्हणाले.

"तिसरा कंचा? आमाला तर समदे सारखेच दिसतात."

अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. धुराने सातही चौकोन, चारही पट्टे आणि वरचे वासेसुद्धा एकाच तपकिरी रंगाचे करून टाकले होते. जयवंता भातकापणीला निघून गेला. दिवाळी परवावर आली होती.

पाडव्याला पानं मांडली. विहीणबाईंनी भिंतींवरून सावकाश नजर फिरवली.

"कुठे कमी नाही, जास्त नाही. कुणी हो निवडला रंग?"

"यांनीच," अनसूयाबाई म्हणाल्या. "गावाला विचारून."

अप्पा खाली मान घालून पानातलं मीठ सारखं करू लागले. तेवढ्यात जावईबापूंनी घसा खाकरला.

"मला विचाराल तर, मामंजी, इथे खरं म्हणजे पिस्ता रंग..."

अनसूयाबाईंनी श्रीखंडाचा भरलेला डाव त्यांच्या पानात रिकामा केला.

"घ्या, जावईबापू. तोंड रिकामं ठेवू नका."